हौसाक्काचे तीन फोटो

"या बाईला दिसतंय," असं म्हणून गुजर भाऊसाहेबांनी फोटो टेबलावर टाकला.

ती बाई माझ्या शेजारीच उभी होती. हौसाक्का तिचं नाव. सहाव्या वर्षी देवी आल्या, त्यात तिचे दोन्ही डोळे गेले आणि त्यानंतरची पन्नास वर्षं तिनं आमच्या गावात डोळ्यांवाचून काढली. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. भाऊसाहेबांनाही होतं, त्यांच्या देवघरात रोज तिनंच वळलेल्या वाती जळत होत्या. पण तहसील कचेरीत येताना माणसानं स्वतःला ठाऊक असलेलं सगळं घरी ठेवून यायचं असतं, आणि भाऊसाहेब तर अव्वल कारकून होते.

"रामराम भाऊसाहेब," हौसाक्का म्हणाली. आवाजाच्या रोखानं तिनं मान नेमकी त्यांच्याकडे वळवली होती.

"बघा. माझ्याकडेच बघतेय."

"बघत नाही, ऐकतेय ती," मी म्हटलं.

"ऐकायला मान कशाला वळवायला लागते, वहिनी?" भाऊसाहेबांनी फोटो पुन्हा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. "कसे टपोरे डोळे आहेत बघा. चेहऱ्यावर एक वण नाही. आणि अर्जात काय लिहिलंय? देवीच्या रोगाने दोन्ही डोळे निकामी. देवी आल्या होत्या तर मग वण कुठे गेले?"

वण कुठे गेले ते मला पक्कं माहीत होतं. ते मीच घालवले होते. आणि डोळेही मीच दिले होते.

ही गोष्ट एक्क्याऐंशी सालची. आता माझी ऐंशी उलटली, आज सकाळी काय खाल्लं ते विचारलं तर सांगता येत नाही, पण भाऊसाहेबांच्या टेबलावरच्या हिरव्या कापडाला शाईचे किती डाग होते ते सांगेन. कचेरीच्या रस्त्यालाच आमचा 'रूपदर्शन फोटो स्टुडिओ' होता. पाटीवर यांचं नाव होतं, केशव मिरजकर, आर्टिस्ट. फोटो हे काढायचे. आर्टिस्ट पडद्यामागे स्टोव्हवर भात ठेवून बसलेली असायची. फोटोला जे टचिंग लागतं, ते सगळं माझ्याकडे होतं. पोस्टकार्डाएवढा फोटो धुऊन आला की त्याच्यावर मी बारीक ब्रशनं काम करायची, मग त्या फोटोचा पुन्हा फोटो काढून हे लहान प्रती करायचे. गावातल्या निम्म्या मुली मी त्या ब्रशनं उजवल्या. पुढे आलेले दात आत घेतले, काळ्यांना गव्हाळ केलं, चपटी नाकं वर काढली. कुणाचे वडील फोटो न काढताच गेले, तर तिरडीवर काढलेल्या फोटोत त्यांचे डोळे उघडून द्यायची. लोक भिंतीवर लावून हार घालायचे आणि म्हणायचे, "अगदी बोलतील असं वाटतं."

स्टुडिओच्या शोकेसमध्ये मधोमध एका नवरीचा मोठा फोटो होता. मुंडावळ्या, नथ, आणि चेहरा असा की बोट ठेवलं तर घसरावं. मुलींच्या आया तो फोटो बघूनच पायरी चढायच्या. "असा काढा हो आमच्या मुलीचा. कोण ही?"

"आहे एक गिऱ्हाईक," हे म्हणायचे.

त्या साली निराधारांना, अपंगांना सरकारी पगार सुरू झाला होता. अर्ज करायचा, सोबत कागद जोडायचे, समिती बसायची आणि मंजूर करायची. हौसाक्का शिंप्याच्या घरामागच्या खोलीत एकटी राहायची. आधी लोकांची दळणं दळायची, मग गावात गिरणी आली. मग वाती वळायला लागली, तर बोटं आखडायला लागली. पुण्याचा भाचा दोनदा येऊन गेला होता. त्यानं कुठल्याशा आश्रमात नाव घालून ठेवलं होतं. पगार झाला तर राहा म्हणाला, नाही तर महिनाअखेरीला न्यायला येतो.

फोटो काढायला आली तेव्हा तिनं मला हे सांगितलं. डोक्याला तेल चोपडलं होतं आणि अंबाड्यात अबोलीचा गजरा होता.

"आश्रमात जेवण वेळेवर मिळेल की," मी म्हटलं.

"जेवाण मिळंल गं परमिला. पर हितं मला समदं ठावं हाय. तुमच्या पायरीला तीन दगडं, मधला हालतोय. मारुतीपासनं नदीपतूर दोनशे चाळीस पावलं. कोण कुठल्या गल्लीतनं येतंय ते मला शंभर पावलांवरनं कळतंय." तिनं पदर नीट केला. "हितं मी आंधळी न्हाई. तितं गेल्यावर हुईन."

यांनी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घातलं आणि सवयीनं म्हणाले, "इकडे बघा." आणि मग जीभ चावली.

"बगते की," हौसाक्का म्हणाली आणि खुदकन हसली.

जाताना तिनं मला विचारलं, "मी कशी दिसते गं?" तिचा हा जन्मातला पहिला फोटो. मी म्हटलं, "छान." आणि त्याच दुपारी ब्रश घेऊन बसले. माझी समजूत अशी की अर्जाला फोटो लागतो तो ओळख पटायला. आंधळेपणाचा दाखला डॉक्टर देतील, तो त्यांचा धंदा. माझा धंदा वेगळा. आधी वण पुसले, मग डोळे दिले. चांगले झाले होते डोळे. यांनी सुद्धा मान डोलावली होती.

आणि आता तेच डोळे गुजर भाऊसाहेबांच्या हातातून माझ्याकडे बघत होते.

"डॉक्टरांचा दाखला जोडलाय की," मी म्हटलं.

"जोडलाय ना. ऐका." भाऊसाहेबांनी चष्मा लावला. "'रुग्ण दोन्ही डोळ्यांनी अंध असल्याचे सांगते.' सांगते! सांगायला काय, उद्या मी सांगेन की मला राजयोग आहे."

"आपल्या दवाखान्यातले डॉक्टर आहेत. ते म्हणाले, डोळे तपासायचं यंत्र माझ्याकडे नाही, जिल्ह्याला जा."

"मग जिल्ह्याला जा."

"जिल्ह्याला म्हणाले यंत्र बिघडलंय. दिवाळीनंतर या."

"मग दिवाळीनंतर या."

"समिती गुरुवारी आहे, भाऊसाहेब. आणि मग एकदम सहा महिन्यांनी."

"ते खरं आहे," भाऊसाहेब म्हणाले. खरं असलेलं ते कधी नाकारत नसत. फक्त त्याचा उपयोग होऊ देत नसत.

"तुम्हीच तपासा की हिला. इथं समोर उभी आहे. डोळ्यासमोर बोट नाचवा."

"मला बोट नाचवायचा अधिकार नाही, वहिनी. मला कागद बघायचा अधिकार आहे. आणि कागदावर हा फोटो आहे." त्यांनी फोटोवर टिचकी मारली. "शिवाय ही बाई बाजारात एकटी फिरते. परवा मला चौकात म्हणाली, 'भाऊसाहेब, आज नवी चप्पल जणू.' आंधळ्याला चप्पल नवी आहे ते कळतं?"

"करकरत हुती," हौसाक्का म्हणाली.

"बघा, पुन्हा बोलली." भाऊसाहेबांनी अर्ज घडी घालून माझ्यापुढे सरकवला. "लोक काय, काहीही सांगतात. दाखले काय, कोणीही देतो. पण फोटो खोटं बोलत नाही, वहिनी."

आता इथं माझी पंचाईत होती. टचिंगचा आमच्या घरात एक नियम होता आणि तो यांनी लग्नानंतर आठ दिवसांत मला सांगितला होता. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याचं जे काही आपण केलं ते पडद्यामागे राहायचं. टचिंगवालीनं तोंड उघडलं तर गावातले निम्मे संसार उघडे पडतील आणि आपला पहिला. मी तेरा वर्षं तो नियम पाळला होता. नळावर बायका म्हणायच्या, अमकीचा फोटो किती छान आला होता आणि बघायला गेलो तर हे ध्यान! मी घागर उचलून चालू लागायची.

"चल गं," हौसाक्का म्हणाली. तिनं माझा दंड धरला. एरवी ती कुणाचा दंड धरत नसे. "भाच्याला पत्र लिवून दे मला."

मी अर्ज उचलला, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"भाऊसाहेब, तुमचं लग्न ठरलं तेव्हा तुम्हाला मुलीचा फोटो आधी दाखवला होता ना?"

"हो. मग?"

"त्यात नलूताई कुठं बघत होत्या?"

शेजारच्या टेबलावरचा टाइपरायटर थांबला. शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन निघाला होता, तोही थांबला.

"सरळ," भाऊसाहेब म्हणाले. आवाज पहिल्यापेक्षा बराच खाली आला होता.

"आणि अंतरपाट खाली आला तेव्हा?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. नलूताई बोलायला गोड, स्वयंपाकाला हुशार, पण उजवा डोळा बाहेर पळायचा. बारा वर्षांच्या संसारात त्या नक्की कुठं बघतात हे भाऊसाहेबांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"तो डोळा मी सरळ केला होता," मी म्हटलं. "हे दोन पण मीच काढलेत. यात हौसाक्काचा काडीचा संबंध नाही."

"म्हणजे फसवणूक," भाऊसाहेब पुटपुटले.

"टचिंग म्हणतात त्याला."

मग टाइपरायटरवाला उगाच एक ओळ बडवायला लागला. भाऊसाहेबांनी अर्ज माझ्या हातातून परत घेतला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. "आज सोमवार. उद्या दुसरा फोटो आणा. टचिंगशिवाय. आणि वहिनी, आत्ता जे बोललात ते..."

"तुम्हीच बोलायला लावलंत."

घरी मी हे यांना सांगितलं तेव्हा हे डेव्हलपरच्या ट्रेसमोर तसेच उभे राहिले. कुणाचा तरी साखरपुडा त्या ट्रेमध्ये काळा पडत चालला होता.

"टायपिस्टसमोर बोललीस?"

"हो."

"शिपायासमोर?"

"तो मधेच आला."

"संपलं," हे म्हणाले. "उद्या सगळं गाव हातात लग्नाचे फोटो घेऊन दारात उभं राहणार. अगं, डॉक्टर, वकील आणि फोटोग्राफर यांनी तोंड उघडायचं नसतं. तुला काय पडलं होतं तिला डोळे द्यायचं? मी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग का दिलेस?"

मी भाताखालचा स्टोव्ह बारीक करायला गेले.

दुसऱ्या दिवशी यांनी रागारागात दुसरा फोटो काढला. या वेळी "इकडे बघा" म्हणाले नाहीत, नुसतं खाकरले. खाकरल्याबरोबर हौसाक्कानं बरोबर भिंगाकडे तोंड केलं. फोटो जसा आला तसा, नुसता वाळवून, मी कचेरीत नेला. गालांवर सगळे वण होते. एक डोळा आत गेलेला, दुसरा अर्धा उघडा, पांढरा. त्यात वरच्या दिव्याचा एक ठिपका चमकत होता. आणि हौसाक्का हसत होती, कारण यांचं खाकरणं ऐकून तिला हसू आलं होतं.

भाऊसाहेबांनी तो फोटो जवळ धरला, लांब धरला.

"वहिनी, हे जमायचं नाही."

"अहो, आता तर टचिंग नाही!"

"नाही ना, तेच. या डोळ्यात चमक आहे बघा. आणि हसतेय. आंधळं माणूस असं हसतं का?"

"मग कसं हसतं?"

"मला माहीत नाही. पण समितीला माहीत आहे." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. आता ते मला घरातल्यासारखे बोलत होते. सोमवारपासून आमच्यात एक नातं तयार झालं होतं. "अध्यक्ष बापूसाहेब एका बैठकीत ऐंशी अर्ज उरकतात. वाचत नाहीत. फोटो बघतात आणि हो-नाही म्हणतात. त्यांना लांबून दिसलं पाहिजे. लंगडा म्हणजे लंगडा, आंधळा म्हणजे आंधळा. असं अर्धवट, हसरं चालत नाही." त्यांनी फोटो माझ्याकडे सरकवला. "तुम्हाला डोळे देता येतात. काढून घेता येत नाहीत?"

"तुम्हीच टचिंग नको म्हणालात."

"मी खोटं नको म्हणालो," भाऊसाहेब म्हणाले. "ती आंधळी आहे हे खरं आहे ना? मग ते नीट दिसायला नको?"

बुधवारी दुपारी मी दुसऱ्या फोटोचीच आणखी एक प्रत घेऊन बसले. तेरा वर्षं मी वण पुसत आले होते, वण काढायला पहिल्यांदाच बसत होते. जड गेलं नाही. ते गालावर कसे दाटीनं असतात, नाकाच्या शेंड्यावर कसे खोल, हनुवटीवर कसे विरळ, सगळं मला पाठ होतं. होते त्याच्या तिप्पट काढले. मग डोळ्यातली चमक बुजवली. दोन्ही डोळे पांढरे केले, भोवती काळं भरलं. हसू खाली ओढलं. तेल लावलेले केस विस्कटले. गजरा या वेळी नव्हताच. तेवढ्यात हे पडदा सारून आत आले. सोमवारपासून माझ्याशी बोलत नव्हते.

"हे जरा जास्त होतंय," हे म्हणाले.

"सरकारला लांबून दिसलं पाहिजे म्हणे."

हे वाकून बघत राहिले. शेवटी आर्टिस्टच तो. "मग डाव्या गालाखाली सावली दे. माणूस उपाशी वाटतं."

सावली दिली.

गुरुवारी समिती बसली. कचेरीच्या मधल्या हॉलमध्ये लांब टेबल, त्यावर पांढरी चादर, पाच जणांची समिती आणि भिंतीशी अर्जदारांची रांग. भाऊसाहेब एकेक कागद पुढे करत होते. आमच्या आधी बापूसाहेबांच्या गावचा एक गडी होता. तो दारातून तरातरा आला, टेबल दिसल्यावर लंगडायला लागला. त्याच्या फोटोत काठी होती. प्रत्यक्षात विसरून आला होता.

"काठी?" एका सभासदानं विचारलं.

"फोटोत आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"मंजूर," बापूसाहेब म्हणाले.

मी हौसाक्काला रांगेत उभं असतानाच बजावलं होतं, बोलू नकोस. कुणी काही विचारलं तर फक्त हो किंवा नाही. ती हो म्हणाली होती. पण नेमके त्याच वेळी बापूसाहेब पान थुंकायला खिडकीशी गेले आणि परत येताना आमच्याजवळून गेले.

"रामराम बापूसाब," हौसाक्का म्हणाली. "डाव्या वहाणंचा खिळा वर आलाय तुमच्या. पाय कापंल."

बापूसाहेब थांबले. त्यांनी वहाण काढून उलटी करून बघितली. खिळा खरंच वर आला होता.

सगळा हॉल आमच्याकडे बघायला लागला. भाऊसाहेबांनी कपाळ पुसलं.

"बाई, तुम्हाला दिसतं की काय?" बापूसाहेबांनी विचारलं.

"न्हाई."

"मग खिळा कसा दिसला?"

"वाजत हुता."

"अहो, ही बाई नदीवर एकटी जाते," समितीतला एक जण म्हणाला. "माझ्या डोळ्यांनी बघितलंय. घसरत सुद्धा नाही. मी घसरलोय तिथं दोनदा."

"आणि परवा माझ्या मिसेसला म्हणाली, भाजी करपली बघा," दुसरा म्हणाला.

"करपली होती का?"

"होती ना. म्हणून तर लक्षात राहिलं."

हौसाक्कानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मला वाटलं, गेलं सगळं. पन्नास वर्षं ही बाई कुणाच्या अंगावर न पडता, कुणाला हात न मागता गावात नीट राहिली, तेच आता तिच्या विरुद्ध कागदावर चढणार.

"फोटो, साहेब," भाऊसाहेब हळूच म्हणाले आणि माझं बुधवारचं काम त्यांनी बापूसाहेबांपुढे सरकवलं.

बापूसाहेबांनी फोटो घेतला. तो बघताना त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी समोर उभ्या असलेल्या हौसाक्काकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं, आणि मग हौसाक्काकडे पाहायचं बंदच केलं.

"छे छे छे," ते म्हणाले. "काय बोलताय तुम्ही लोक? हे बघा तरी. ठार आंधळी आहे बिचारी." त्यांनी फोटो बाकीच्यांकडे दिला. तो हातोहात फिरला. नदीवर घसरलेल्या सभासदानं "अरेरे" म्हटलं. "बाई बोलण्यात हुशार असेल," बापूसाहेब म्हणाले, "पण फोटोपुढे कुणाचं काय चालणार? मंजूर."

या गोष्टीचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. गावानं काही आमच्या दारात लग्नाचे फोटो आणून आपटले नाहीत. ज्यानं त्यानं आपला संसार निमूटपणे चालू ठेवला. पण भाऊसाहेबांनी माझा बुधवारचा फोटो, अर्जाचा फोटो कसा असावा त्याचा नमुना म्हणून, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि येईल त्याला दाखवायला लागले. महिन्याभरात आमच्या दारात रांग लागली. कुणाला म्हातारं दिसायचं होतं, कुणाला थकलेलं, एकाला हात थरथरताना दिसायचा होता. हे फक्त एवढंच विचारायचे, "लग्नासाठी की निराधारसाठी?" आणि पडद्याआड मला तसं सांगायचे.

त्या गुरुवारी कचेरीतून आम्ही दोघी स्टुडिओत आलो. पायरीचा मधला दगड हलला. हौसाक्का खुर्चीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "माझं तीन फोटू काढलं म्हनं तू. दे हातात."

मी पोस्टकार्डाएवढे तिन्ही फोटो तिच्या हातात दिले. तिनं पहिल्यावरून अंगठा फिरवला आणि मधेच थांबली.

"हितं काय सारवलंयस?"

"डोळे दिलेत तुला."

"कसलं?"

"टपोरे. काळे."

"कुनाचं?"

तिनं तो खाली ठेवला आणि बुधवारचा घेतला.

"अगं बया, ह्येच्यात तर शेत नांगरलंयस!" ती इतकी हसली की आतून यांनी विचारलं काय झालं म्हणून. मग तिनं उरलेला उचलला. अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला, कुठं अडला नाही. ती पुन्हा एकदा फिरवून बघायला लागली.

"ह्येला कुनी हात लावल्याला न्हाई," ती म्हणाली. "ह्यो माजा. भाच्याला धाडते. म्हनावं न्यायला येऊ नगंस." आणि तिनं तो चोळीच्या आत ठेवून दिला.

मी बाकीचे दोन उचलायला वाकले तेव्हा तिनं माझी हनुवटी धरली. "थांब." तिचा तोच अंगठा माझ्या गालावरून फिरला. दाट होतं तिथं दाट, नाकाच्या शेंड्यावर खोल, हनुवटीवर विरळ.

"तुलाबी आल्या हुत्या व्हय," हौसाक्का म्हणाली.

"पाचव्या वर्षी."

"डोळं वाचलं तुझं."

"हो."

मग तिनं तोंड रस्त्याच्या बाजूला, शोकेसकडे वळवलं. "ती काचंतली नवरी तूच की गं. लोक इचारत्यात कोन ही, तवा पडद्याआडचा तुझा आवाज बंद हुतो. मी बसलेली असते की हितं वाती द्यायला आल्यावर."

लग्नानंतर यांनी मला टचिंग शिकवलं ते माझ्याच लग्नाच्या फोटोवर. ब्रश हातात दिला आणि म्हणाले, यावर शिक, बिघडला तरी चालेल. तो बिघडला नाही.

"पुसाय किती दीस लागलं?" हौसाक्कानं विचारलं.

"तीन."

"माझं?"

"एक दुपार."

"हात बसला तुझा."

मी उठले आणि शोकेसची कडी काढायला गेले. "काढून टाकते तो."

"काडू नगंस," हौसाक्का म्हणाली. "पोट हाय त्येच्यावर."

म्हणून तो तिथंच राहिला, स्टुडिओ बंद होईपर्यंत. बायका पायरी चढून यायच्या, विचारायच्या, कोण हो ही? हे सवयीनं म्हणायचे, "आहे एक गिऱ्हाईक." पण त्या दिवसापासून मी पडद्याबाहेर येऊन म्हणायला लागले, "मी." बायका फोटोकडे बघायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. एकदा गुजर भाऊसाहेब आले होते, निवृत्तीच्या कागदांना लावायला जोडीचा फोटो काढायला. बरोबर नलूताई होत्या, आणि तो फोटो त्यांना टचिंगशिवाय हवा होता. भाऊसाहेबांनी शोकेसकडे बोट करून तेच विचारलं आणि मी तेच सांगितलं.

भाऊसाहेबांनी चष्मा लावला. एकदा नवरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"असेल, वहिनी," ते म्हणाले. "पण काही कागद आहे का?"